डोंगरावरची शाळा, कड्यावरचं दीपगृह: सांताक्रूझबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलिफोर्नियातल्या बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, नव्याने राहायला आलेली, किंवा लेकीसुनांकडे सहा महिन्यांसाठी आलेली मराठी मंडळी एकदा तरी सांताक्रूझला जातात आणि परत आल्यावर प्रश्न पाठवतात. निम्मे प्रश्न समुद्रकाठच्या दीपगृहातल्या सर्फिंगच्या (फळीवर उभं राहून लाटांवरून घसरण्याच्या खेळाच्या) संग्रहालयाबद्दल असतात, निम्मे डोंगरातल्या 'त्या मारुतीच्या शाळे'बद्दल, म्हणजे माउंट मडोनाबद्दल. पुन्हा पुन्हा तेच टंकण्यापेक्षा सगळी उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत. व्हिसा आणि कायद्याची किचकट प्रकरणं शेवटी आहेत.

१. दीपगृह आणि शाळा यांचा एकमेकांशी संबंध काय?

कागदोपत्री काहीच नाही. दीपगृह सांताक्रूझ शहरात, समुद्राच्या कड्यावर आहे. माउंट मडोना शाळा त्याच काउंटीत (जिल्ह्यात), वॉटसनव्हिलच्या वरच्या डोंगरात. दोन्हीकडे एकाच दिवसात जाता येतं, म्हणून पाहुण्यांच्या बोलण्यात ती एकत्र येतात. मला मात्र त्यांत एक साम्य दिसतं. दोन्ही ठिकाणं पगाराशिवाय राबणाऱ्या माणसांच्या बळावर उभी राहिली आहेत. ते कसं, हे प्रश्न ६ आणि ११ मध्ये आहे.

२. नकाशात दोन दीपगृहं दिसतात. नेमकं कुठलं?

संग्रहालय आहे ते वेस्ट क्लिफ ड्राइव्हवरचं. लाल विटांचं, बुटकं, घरासारखं दिसणारं. बंदराच्या तोंडाशी धक्क्याच्या टोकाला उभं असलेलं पांढरं, गोलसर दीपगृह म्हणजे वॉल्टन लाइटहाउस. ते २००१-०२ मधलं आहे आणि त्यात पाहण्यासारखं आत काही नाही. फोटोला मात्र तेच देखणं येतं, त्यामुळे बरेच जण आधी तिकडे जातात आणि 'संग्रहालय बंद होतं' असं कळवतात.

३. विटांचं दीपगृह किती जुनं आहे?

दिसतं तेवढं नाही. ते १९६७ चं आहे. त्याआधी त्याच टोकावर लाकडी दीपगृह होतं. त्याचा दिवा १८६९ च्या अखेरीस लागला. खालचा कडा लाटांनी पोखरून गुहा पडायला लागल्या, तेव्हा १८७९ मध्ये अख्खी इमारत सुमारे ३०० फूट आत सरकवली. पुढे १९४० च्या दशकात साध्या मनोऱ्यावर आपोआप लागणारा दिवा बसवला आणि जुनं घर पाडून टाकलं.

नव्या इमारतीच्या डोक्यावरची काचेची दिव्याची खोली मात्र इमारतीपेक्षा जुनी आहे. ती ओकलंड बंदरावरच्या दीपगृहाची. ते दीपगृह निवृत्त झालं, त्याची इमारत हलवून तिथे पुढे उपाहारगृह झालं आणि वरचा भाग इथे आला. पाहुण्यांना हे सांगितलं की ते पुन्हा एकदा वर पाहतात.

४. दीपगृहाला मार्क अ‍ॅबट यांचं नाव का?

मार्क अठरा वर्षांचा होता. १९६५ मध्ये इथून जवळच प्लेझर पॉइंटला समुद्रात बुडून गेला. त्याचे आईवडील, चक आणि एस्थर अ‍ॅबट, दोघंही छायाचित्रकार. मुलाच्या विम्याचे पैसे हातात आले तेव्हा त्यांनी त्यातून हे दीपगृह बांधलं आणि शहराला दिलं. ज्या समुद्राने मुलगा नेला त्याच समुद्राकडे तोंड करून दिवा लावायचा, यावर मी फारसं काही बोलू शकत नाही. पाहुणेही बहुतेक वेळा इथे गप्प होतात.

५. पण दीपगृहात सर्फिंगचं संग्रहालय कसं?

कारण दारातच स्टीमर लेन आहे. कॅलिफोर्नियातल्या नावाजलेल्या लाटांपैकी ही एक. संग्रहालय १९८६ मध्ये सुरू झालं. आत जागा म्हणाल तर आपल्याकडच्या दिवाणखान्याएवढी. जुन्या जाड लाकडी फळ्या, काळेपांढरे फोटो, आणि शार्कने चावा घेतलेली एक फळी. मुलं त्या फळीपाशीच थांबतात.

मोठ्यांसाठी खरी गोष्ट १८८५ ची आहे. हवाईचे तीन राजपुत्र, डेव्हिड कावाननाकोआ, एडवर्ड केलिइआहोनुई आणि जोना कुहिओ, सॅन मटेओच्या लष्करी शाळेत शिकत होते. सुट्टीत ते सांताक्रूझला आले. इथल्याच रेडवूडच्या लाकडाच्या फळ्या करून घेतल्या आणि सॅन लोरेन्झो नदीच्या मुखाशी लाटांवर उभे राहिले. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर सर्फिंग झाल्याची ही सर्वांत जुनी नोंद मानतात. म्हणजे ज्या खेळाला सगळं जग 'कॅलिफोर्नियाचा' समजतं, तो इथे आणला शाळेच्या सुट्टीत आलेल्या परप्रांतीय पोरांनी. त्यांच्या दोन फळ्या आजही होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये आहेत.

६. 'स्वयंसेवक चालवतात' म्हणजे नक्की काय? सरकारी नाही का?

इमारत शहराची आहे. २००८ च्या मंदीनंतर शहराने खर्चाला कात्री लावली आणि संग्रहालय बंद पडायची वेळ आली. तेव्हा जुन्या सर्फरांची संस्था, सांताक्रूझ सर्फिंग क्लब प्रिझर्वेशन सोसायटी, पुढे आली आणि दार उघडं राहिलं. मूळ क्लब १९३६ चा. भिंतीवरच्या फोटोंतली पोरं ती हीच.

टेबलामागे बसलेले आजोबा किंवा आजी तिकीट फाडायला बसलेले नसतात, त्यांना गप्पा मारायच्या असतात. 'ही फळी किती जड आहे?' एवढं विचारा आणि पुढची वीस मिनिटं मोकळी ठेवा. पाटी वाचून पाच मिनिटांत बाहेर पडणाऱ्यांना 'छोटंसंच आहे' असं वाटतं. त्यात त्यांचा दोष नाही, पण संग्रहालय खुर्चीत बसलेलं असतं आणि ते भिंतीकडे पाहून येतात.

आपल्या लोकांना हे अनोळखी वाटायचं कारण नाही. बे एरियातली शनिवार-रविवारची मराठी शाळासुद्धा अशीच चालते. आठवडाभर ऑफिस करून शनिवारी बाराखडी शिकवणारे आईबाबा, आणि कुणीतरी आणलेला चहा.

७. लॉरा हेकॉक्स कोण? तिचं नाव दोन वेगळ्या संग्रहालयांत ऐकलं.

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि मला सगळ्यांत आवडतो तो हाच.

जुन्या दीपगृहाचे पहिले रखवालदार अ‍ॅडना हेकॉक्स, धंद्याने सुतार. १८८३ मध्ये ते वारले आणि दिवा त्यांच्या मुलीकडे आला. लॉरा तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होती. तिने तो दिवा पुढे तीसहून जास्त वर्षं सांभाळला. रोज संध्याकाळी वात, तेल, काच. चुकवायची सोय नाही, सुट्टी नाही.

दिवसा ती किनाऱ्यावर असायची. शिंपले, जीवाश्म, दगड, पक्ष्यांची अंडी, इथल्या मूळ रहिवाशांच्या टोपल्या, जे मिळेल ते नीट चिठ्ठी लावून ठेवायची. शास्त्रज्ञांशी तिचा पत्रव्यवहार होता. त्यांतल्या एकाने इथल्या पिवळ्या बनाना स्लगच्या, म्हणजे शंख नसलेल्या गोगलगाईच्या, एका प्रकाराला तिचं नाव दिलं. कॉलेजची पायरी न चढता ती निसर्ग अभ्यासक झाली. दीपगृहातली एक खोली तिच्या संग्रहाने भरली आणि लोक दिवा पाहायला येता येता शिंपले पाहायला लागले. दीपगृहातलं संग्रहालय या गावात १९८६ मध्ये जन्मलं नाही, ते आधीच एकदा होऊन गेलं होतं.

तिने तो संग्रह शहराला देऊन टाकला. १९०५ मध्ये नव्या वाचनालयाच्या इमारतीत तो लोकांसाठी खुला झाला आणि त्यातूनच आजचं नॅचरल हिस्टरी म्युझियम वाढलं. तुम्ही नाव ऐकलेलं दुसरं संग्रहालय ते. सीब्राइटला आहे, बाहेर मोठा व्हेल मासा आहे, पोरं त्यावर चढतात. पुण्याच्या केळकर संग्रहालयात एका माणसाच्या ध्यासाचं पुढे सगळ्या गावाचं कसं होतं ते पाहिलं असेल, तर ही जातकुळी तुम्हाला लगेच ओळखू येईल.

८. वर चढता येतं का?

नाही. मनोऱ्याचा जिना लोकांसाठी बंद असतो. कोकणातल्या दीपगृहांवर चढायची सवय असलेले हमखास खट्टू होतात. उंच दीपगृहच पाहायचं असेल तर हायवे १ ने उत्तरेला पिजन पॉइंटला जा. ११५ फुटी मनोरा, १८७२ चा. तोही आतून चढता येत नाही, पण त्याचं मूळ फ्रेनेल भिंग खाली काढून ठेवलं आहे. १,००८ लोलकांचं ते भिंग हाताच्या अंतरावरून पाहणं मला चढण्यापेक्षा मोलाचं वाटतं.

९. तिकीट किती, वेळ काय?

तिकीट नाही, देणगीची पेटी आहे. ती पाहून न पाहिल्यासारखं करू नका. उघडं फक्त दुपारचे काही तास असतं आणि आठवड्यातले सगळे दिवस नसतं. स्वयंसेवकांचं काम आहे, त्यामुळे निघण्याआधी त्या दिवसाची वेळ पाहून घ्या. वेस्ट क्लिफ रस्त्याचे काही भाग २०२३ च्या जानेवारीतल्या वादळांत खचले. तिथली वाहतूक आणि गाडी लावण्याची सोय बदलत राहते, हेही त्याच वेळी पाहून घेतलेलं बरं.

१०. लहान मुलांना आणि वयस्कर पाहुण्यांना नेणं सुरक्षित आहे का?

पायवाट सपाट आहे, बाकं आहेत, समोरच्या खडकावर सी लायन भुंकत असतात. आईबाबांना तिथे तासभर बसवून ठेवा, कुणाची तक्रार येत नाही. कठड्यापलीकडे मात्र पाऊलही नको. मोठ्या लाटा नोव्हेंबर ते मार्च या काळात येतात आणि शांत दिसणाऱ्या समुद्रातून अचानक एक लाट खडकावर चढते. कडा ठिसूळ आहे, हे प्रश्न ३ मधल्या सरकवलेल्या इमारतीवरूनच कळेल. पाणी उन्हाळ्यातही गार असतं, त्यामुळे गणपतीपुळ्याला करतो तसं कपड्यांनिशी आत शिरणं इथे चालत नाही. शाल, स्वेटर जुलैतही घ्या. 'कॅलिफोर्निया म्हणजे ऊन' हे सांताक्रूझच्या धुक्याला कुणी सांगितलेलं नाही.

११. माउंट मडोना ही शाळा नेमकी कसली? आश्रम आहे की शाळा?

आधी आश्रमासारखी वस्ती, तिच्या पोटातून शाळा. वस्तीचे गुरू बाबा हरिदास मूळ अल्मोड्याचे. १९५२ पासून त्यांनी मौन धरलं होतं. १९७१ मध्ये ते अमेरिकेत आले. गळ्यात छोटी पाटी असायची, त्यावर खडूने लिहून उत्तर द्यायचे. त्यांच्याभोवती जमलेल्या तरुण अमेरिकन मंडळींनी हनुमान फेलोशिप नावाची संस्था केली, १९७८ मध्ये डोंगरावर ३५५ एकर जागा घेतली आणि पुढच्याच वर्षी मुलांसाठी शाळा सुरू केली. बालवाडीपासून बारावीपर्यंत.

या वस्तीची घडण कर्मयोगाची. गीतेतला शब्द आपण प्रवचनात ऐकतो, तिथे तो भांडी घासण्याच्या पाळीवर लिहिलेला असतो. बाबाजी स्वतः दगडी भिंती रचायला उभे राहायचे, बरोबर बाकीचे. २०१८ मध्ये ते गेले. हरिद्वारजवळ श्रीराम आश्रम नावाचं अनाथ मुलांचं घरही त्यांच्याच प्रेरणेने चालतं आणि इथले विद्यार्थी भारतात जातात तेव्हा तिथे राहून येतात.

पण तेवढ्यावरून शाळेला 'हिंदू शाळा' म्हणू नका. धर्माचा तास असा तिथे नसतो. वर्ग लहान, शिक्षकांना नावाने हाक, नाटक आणि निसर्ग हे अभ्यासाच्या मध्यभागी. विद्यार्थी बहुतेक या भागातल्या अमेरिकन घरांतले.

१२. अमेरिकन मुलं रामायण करतात, हे खरं का?

खरं. चाळीसहून अधिक वर्षं, दर वर्षी. इंग्रजीत, गाण्यांसकट, मोठ्या रंगमंचावर. अगदी लहान वर्गातली पोरं वानरसेनेत, आणि तीच पोरं दहा वर्षांनी राम, सीता किंवा रावण. सोनेरी केसांचा हनुमान पहिल्यांदा पाहून आमच्याकडच्या एका काकूंनी तोंडावर पदर घेतला होता. लंकादहनापर्यंत त्या टाळ्या वाजवत होत्या.

कोणाला वाटेल की हा तमाशा आहे, कोणाला वाटेल की आपली गोष्ट परक्यांनी उचलली. माझं मत विचाराल तर, गावच्या दशावतारातही रात्री राजा झालेला माणूस सकाळी शेतावर जातो. गोष्ट ज्याच्या अंगात येते त्याची. प्रयोग साधारण जूनच्या सुमारास असतो, तिकीट आधी काढावं लागतं.

१३. शाळा आतून पाहता येईल का? मंदिराचं काय?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वस्तीतलं संकटमोचन हनुमान मंदिर दर्शनाला येणाऱ्यांसाठी आहे. आरतीच्या वेळा आधी पाहून जा. शाळा मात्र चालू शाळा आहे. 'भारतातून आलोय' म्हणून वर्गात डोकावू नका. आपल्या मुलांच्या शाळेत कुणी पर्यटक फोटो काढत फिरला तर कसं वाटेल, तेवढाच विचार पुरे. प्रवेशाचा खराच विचार असेल तर रीतसर भेटीची वेळ ठरवता येते.

१४. दोन्ही एका दिवसात होतं का?

होतं. सकाळी १०१ ने गिलरॉय, तिथून १५२ ने घाट चढून माउंट मडोना, दर्शन करून वॉटसनव्हिलला उतरायचं, हायवे १ ने सांताक्रूझ, दुपारी संग्रहालय, मावळतीनंतर हायवे १७ ने घरी. १५२ आणि १७ दोन्ही वळणावळणाचे आहेत. गाडी लागणाऱ्यांसाठी आवळासुपारी ठेवा. दशमी घरूनच न्या.

१५. माउंट मडोनासारख्या खाजगी शाळेची फी परवडत नाही. सरकारी पर्यायी शाळा नाहीत का?

आहेत, आणि याच गावात आहेत. सांताक्रूझच्या सरकारी शाळांनी ब्रान्सिफोर्ट स्मॉल स्कूल्स कॅम्पस नावाच्या एकाच आवारात लहान लहान पर्यायी शाळा ठेवल्या आहेत. मोनार्कमध्ये पालक वर्गात हातभार लावतात. अल्टरनेटिव्ह फॅमिली एज्युकेशन ही घरी शिकणाऱ्या मुलांना शिक्षक, साहित्य आणि काही एकत्र तास देते. आर्क आणि कोस्टानोआ मोठ्या मुलांसाठी. फी नाही, पण प्रवेशात त्या भागातल्या रहिवाशांना आधी जागा. सनीव्हेल किंवा फ्रीमाँटला राहत असाल तर आपल्या भागातल्या 'इंडिपेन्डन्ट स्टडी'ची, म्हणजे सरकारी शाळेच्या शिक्षकाच्या देखरेखीखाली वर्गाबाहेर शिकण्याच्या सोयीची, चौकशी करा, बहुतेक ठिकाणी असते.

१६. अशा शाळेला मान्यता असते का? पुढे कॉलेजचं काय?

कॅलिफोर्निया राज्य खाजगी शाळांना आपल्यासारखी 'मान्यता' देत नाही. शाळा दर वर्षी १ ते १५ ऑक्टोबरमध्ये एक प्रतिज्ञापत्र भरते, तेवढंच. ते भरलं म्हणजे राज्याने दर्जा तपासला असं होत नाही, आणि इथेच लोक फसतात. कॉलेजसाठी दोन गोष्टी विचारा: शाळांचा दर्जा तपासणाऱ्या 'वॉस्क' या संस्थेकडून शाळेचं मूल्यांकन झालं आहे का, आणि नववी ते बारावीचे विषय युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या 'ए-जी' यादीत (प्रवेशासाठी धरल्या जाणाऱ्या विषयांच्या यादीत) आहेत का. दुसरी यादी कुणालाही पाहता येते. शाळेच्या माहितीपत्रकापेक्षा तिच्यावर विसंबा.

१७. मग आम्ही घरीच शिकवलं तर? तेही मराठीतून?

घरी शिकवता येतं. सहा ते अठरा वयाच्या मुलांना शिक्षण सक्तीचं आहे, पण तुम्ही स्वतःची छोटी खाजगी शाळा म्हणून प्रश्न १६ मधलंच प्रतिज्ञापत्र भरू शकता. शिक्षकाची पदवी लागत नाही, हजेरीची आणि विषयांची नोंद लागते. मराठीतून मात्र नाही. खाजगी शाळेची ही सूट इंग्रजीतून शिकवण्यावर अवलंबून आहे. मराठी हा विषय म्हणून हवा तितका शिकवा.

१८. पर्यायी शाळेत लसींची सक्ती नसते, असं ऐकलं.

चुकीचं ऐकलं. जुलै २०१६ पासून वैयक्तिक किंवा धार्मिक कारणाने मिळणारी सूट सरकारी आणि खाजगी, दोन्ही शाळांत बंद झाली. डॉक्टरी कारण असेल तर वेगळी प्रक्रिया आहे. पूर्णपणे घरी शिकणारी मुलं, आणि वर्गात न बसणारे इंडिपेन्डन्ट स्टडीवाले, यांना ही अट लागू नाही. भारतातून येताना लसीकरणाची चोपडी हातातल्या बॅगेत ठेवा, माळ्यावर नको.

१९. नातू भारतातून तीन महिन्यांसाठी येतोय. तेवढ्यापुरता शाळेत घालता येईल का?

तो बी-२ वर येत असेल तर नाही. पर्यटक व्हिसावर रीतसर शाळेत नाव घालता येत नाही. उन्हाळी शिबिर, पोहणं, सर्फिंगचे चार धडे असं हौसेचं चालतं. एच-४ वर, म्हणजे एच-१बी नोकरीवाल्यांच्या जोडीदार-मुलांच्या व्हिसावर, आलेल्या मुलांना काहीच अडचण नाही. मुद्दाम शिकायला म्हणून एफ-१ घ्यायचा तर शाळेकडे परदेशी विद्यार्थी घेण्याची परवानगी हवी. सरकारी शाळेत एफ-१ फक्त नववी ते बारावीसाठी, जास्तीत जास्त बारा महिने आणि पूर्ण खर्च भरून. सरकारी प्राथमिक शाळा त्यात बसतच नाही.

२०. मी एच-४ वर आहे, कामाची परवानगी नाही. संग्रहालयात स्वयंसेवक होता येईल का?

सर्वसाधारणपणे हो, पण शब्दाला जपून. ना-नफा संस्थेतलं, नेहमीच बिनपगारी असणारं काम, आणि बदल्यात काहीही नाही, असं असेल तर ते स्वयंसेवा. एरवी पगारी असलेलं काम तुम्ही 'फुकट' करून दिलंत तर ते स्वयंसेवा ठरत नाही, मग पत्रावर काहीही लिहिलेलं असो. ओळखीतल्या कंपनीत 'अनुभवासाठी' काम करणं या दुसऱ्या प्रकारात मोडतं. टेबलामागे बसून पाहुण्यांना माहिती देणं पहिल्या प्रकारातलं. शंका असेल तर वकिलाला विचारा, व्हॉट्सअ‍ॅप गटाला नको.

२१. आणि आईबाबा? ते बी-२ वर आहेत, पण घरी बसून कंटाळलेत.

एखाद्या सकाळची किनारा सफाई किंवा मंदिरातली एका दिवसाची सेवा यात सहसा अडचण येत नाही. दर आठवड्याची ठरलेली पाळी घेण्याआधी मात्र प्रश्न २० चं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. तोवर त्यांना संग्रहालयात पाहुणे म्हणून न्या. इंग्रजीची भीती वाटली तरी चालेल. माझ्या ओळखीतले एक आजोबा मालवणच्या समुद्रात वाढलेले. टेबलामागच्या आजोबांना त्यांनी हातवारे करून होडी लाटेवर कशी चढवायची ते दाखवलं, त्यांनी फळी घेऊन. सून पार्किंगचे पैसे वाढवायला दोनदा गेली.